ग्रंथपाल नायिका असलेली कोझी रहस्यकादंबरी: सुगावा वाचनालयाच्या कामातूनच यायला हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लहान गावातल्या वाचनालयाची ग्रंथपाल खुनाचा छडा लावते अशी कोझी (म्हणजे रक्तपात पानावर न दाखवणारी, सौम्य) रहस्यकादंबरी निम्मी लिहून झाली आहे. वाचून पाहणाऱ्यांना गुन्हेगार मध्यावरच ओळखू येतो आणि नायिका नुसती प्रश्न विचारत गावभर हिंडते. यावर उपाय काय?

या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण त्यांचं मूळ बहुधा एकच असतं. नायिकेच्या जागी शिक्षिका, शिंपीण किंवा डॉक्टर बसवून पाहा. कथेत काहीच बदलत नसेल, तर तिचं ग्रंथपाल असणं फक्त पाटीपुरतं आहे. मग तपासासाठी तिच्या हातात प्रश्न सोडून काही उरत नाही. प्रश्नांना उत्तरं देणारी माणसं एकतर खरं बोलतात नाहीतर खोटं, आणि खोटं बोलणारा वाचकाला लगेच कळतो. निदान मुख्य सुगावा तरी असा हवा, की तो ग्रंथपालाच्या रोजच्या कामातच दिसेल आणि इतर कुणाला समोर असूनही दिसणार नाही.

त्यासाठी खर्डा बाजूला ठेवा आणि गुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत गुन्हेगाराच्या बाजूने लिहून काढा. दीड हजार शब्द पुरतात. तो कुठून आत आला, किती वाजता, किल्ली कुणाची, काय उचललं, काय मागे राहिलं, दुसऱ्या दिवशी कुणाला काय सांगितलं, सगळं घड्याळाच्या वेळेनुसार. हे पुस्तकात छापायचं नाही. पण ते नसेल तर सुगावे प्रकरणागणिक सुचतील तसे पडतात, आणि शेवटी ते एकमेकांशी जुळत नाहीत.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. गावाच्या इतिहासाचं एक पुस्तक आहे. पहिली आवृत्ती १९८८ ची. वाचनालयामागची जमीन सार्वजनिक उपयोगासाठी दान दिल्याचा उल्लेख आणि त्या दानपत्राचा नोंदणी क्रमांक त्यात छापलेला आहे. (नुसत्या पुस्तकातल्या उल्लेखाने मालकी ठरत नाही. पण क्रमांक हाती असला की मूळ दस्त शोधता येतो, आणि गुन्हेगाराला भीती त्याचीच आहे.) २०११ ची दुसरी आवृत्ती वाचनालयाच्याच एका विश्वस्ताच्या पैशावर निघाली आणि तिच्यातून तो उतारा गाळला गेला. जुनी प्रत आता फक्त वाचनालयात उरली आहे. विश्वस्ताने नव्या आवृत्तीची पानं जुन्या पुठ्ठ्यात बांधून घेतली. शिक्के असलेलं शीर्षकाचं पान (पुस्तकाचं नाव छापलेलं आतलं पान) आणि शेवटचं पान मूळ प्रतीतून काढून त्यात चिकटवलं आणि प्रत बदलली. पूर्वी ते पुस्तक वाचलेला एक निवृत्त भूमापक तो उतारा पुन्हा पाहायला आला आणि उतारा जागेवर नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ते नेमकं विश्वस्ताच्या कानावर घातलं. दोन दिवसांनी तो मागच्या खोलीत शिडीखाली मरून पडलेला सापडला.

आता ग्रंथपालाला काय दिसतं ते पाहा. बऱ्याच वाचनालयांत नवीन पुस्तक दाखल करताना शीर्षकाचं पान आणि शेवटचं पान यांच्याशिवाय आणखी एका ठरावीक पानावर दाखल क्रमांक लिहितात. त्याला गुप्त पान म्हणतात. प्रत्येक वाचनालयाचा हा आकडा स्वतःचा असतो आणि तिथल्या सगळ्या पुस्तकांसाठी तोच असतो. आपण ३७ धरू. शीर्षकाचं पान फाडलं, शिक्का खरवडला, तरी पुस्तक कुणाचं हे ओळखता यावं म्हणून ही सोय. विश्वस्ताला सभांमधून शिक्के माहीत आहेत, गुप्त पान माहीत नाही. त्यामुळे बदललेल्या प्रतीच्या पान ३७ वर क्रमांक नाही. काढून घेतलेल्या मूळ पानांचा गठ्ठा त्याने बाद केलेल्या पुस्तकांच्या ढिगात लपवला आहे, कारण पुठ्ठा नसलेलं पुस्तक तिथे कुणालाच खटकत नाही. पण त्या गठ्ठ्याच्या पान ३७ वर क्रमांक आहे, आणि तो क्रमांक दाखल नोंदवहीत 'बाद' म्हणून नोंदलेलाच नाही. नकली प्रत उघडी पडते आणि खरी सापडते, दोन्ही एकाच बारीकशा कार्यपद्धतीमुळे. असा एक सुगावा सापडला की अर्धी कादंबरी उभी राहते.

पेरणी मात्र जपून करावी लागते. गुप्त पानाची माहिती वाचकाला खून होण्याआधी मिळायला हवी. दुसऱ्या प्रकरणात ग्रंथपाल नव्या मदतनिसाला पुस्तक दाखल करायला शिकवते आहे. शिक्का कुठे, क्रमांक कुठे, तारीखपट्टी कुठे चिकटवायची, पाठीवर वर्गांकाची, म्हणजे विषयाच्या क्रमांकाची, चिठ्ठी किती उंचीवर. गुप्त पान या यादीच्या मधोमध येऊ द्या, पहिलं किंवा शेवटचं कधीच नको, कारण यादीची दोन टोकं वाचकाच्या लक्षात राहतात. आणि त्याच क्षणी काहीतरी मोठ्याने घडू द्या: शिक्क्याची शाई सांडली, किंवा वर्गणीवरून कुणी भांडायला आलं. नवव्या प्रकरणात ती बाद पुस्तकांचे गठ्ठे बांधते, त्यात एक बिनपुठ्ठ्याचं आहे, हे एका वाक्यात. एकोणिसाव्यात ती बदललेली प्रत चाळते आणि पान ३७ वरचं बाजाराचं जुनं छायाचित्र पाहून थांबते. तुम्ही फक्त छायाचित्राचं वर्णन करा. क्रमांक नसल्याचं सांगू नका. तो न दिसणं हाच सुगावा आहे, आणि तो वाचकाच्याही डोळ्यांसमोर आहे. खुलासा पंचविसाव्यानंतर. माहिती एका ठिकाणी आणि तिचा अर्थ दुसरीकडे, मधे आठ-दहा प्रकरणं, इतकं अंतर असलं की वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही आणि कोडं लवकर सुटतही नाही.

वाचनालयात पुस्तकांची देवघेव कोणत्या पद्धतीने चालते हेही लिहायला बसण्याआधी ठरवा. बहुतेक खर्ड्यांत याचा विचारच केलेला नसतो, आणि जाणकार वाचक तिथेच पुस्तक खाली ठेवतो. प्रत्येक पद्धत वेगळी माहिती जपते. खातेवहीत प्रत्येक वाचकाचं पान असतं. अमक्याने काय काय नेलं हे तिथे चटकन सापडतं, पण अमकं पुस्तक कोणी कोणी नेलं हे शोधायला सगळी वही उलटी करावी लागते. न्यूअर्क पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर नेणाऱ्याचा क्रमांक लिहितात, म्हणजे पुस्तकाचा इतिहास पुस्तकाबरोबर फिरतो. ब्राऊन पद्धतीत पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या तिकिटाच्या खिशात घालून तारखेनुसार खोक्यात लावतात. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात जातं, तिकीट वाचकाकडे, आणि मागे काहीच राहत नाही. म्हणून ब्राऊन पद्धतीच्या वाचनालयात 'मागच्या वर्षी हे पुस्तक कोणी नेलं होतं' हे ग्रंथपालाने खोक्यातून शोधून काढलं, तर ती चूक आहे. संगणक असला तरी सगळं सापडेलच असं नाही. कोहा ही मुक्त ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आहे. तिच्यात पुस्तक परत आल्यावर वाचकाचं नाव नोंदीतून पुसून टाकायची सोय आहे, आणि खासगीपणा जपणारी वाचनालयं ती वापरतात.

हे अडथळे तुमच्या फायद्याचे आहेत. माझ्या मते अशा कादंबरीला सगळ्यात सोयीची न्यूअर्क पद्धत. कार्डावर नुसते आकडे असतात, नावं नसतात, आणि आकड्यावरून नाव काढायला सभासद नोंदवही हवी. ती नोंदवही जुनी असेल, एखाद्याचा क्रमांक त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला दिला गेला असेल, तर एक सभ्य, न्याय्य भूल, म्हणजे चुकीच्या दिशेला नेणारा माग, आपोआप तयार होते. वाचक आणि नायिका दोघंही काही प्रकरणं चुकीच्या माणसामागे जातात, आणि त्यात लेखकाने लबाडी केलेली नसते.

वाचकांची माहिती हा नैतिक प्रश्नही आहे आणि तो टाळू नका. कोण काय वाचतं हे बाहेर न सांगणं हा ग्रंथपालाच्या पेशाचा पाया आहे. नायिका पहिल्याच संशयावर नोंदी उपसू लागली, तर ती आपल्या मनातून उतरते. तिला आधी नकार देऊ द्या. पोलिसांनी तोंडी मागितलं तर लेखी आदेश मागू द्या. ती स्वतःच नोंद बघते तो क्षण कादंबरीच्या मध्याच्या थोडा पुढे ठेवा. तिने काहीतरी मोडलं आहे हे तिला कळू द्या आणि त्याची किंमतही मोजू द्या: एखाद्या निरपराध वाचकाच्या आजाराची पुस्तकं तिला दिसली, आणि आता ती त्याच्याकडे पूर्वीसारखी बघू शकत नाही. कोझी प्रकारात रक्त आणि क्रौर्य पानावर येत नाही, त्यामुळे ताण अशा ठिकाणी यावा लागतो.

आता हिंडण्याबद्दल. वाचनालयात सगळं गाव येतं. नायिकेने लोकांकडे जायच्या ऐवजी लोकांना तिच्याकडे येऊ द्या. निदान दोन तृतीयांश चौकशा देवघेवीच्या टेबलाशी, वृत्तपत्रांच्या टेबलावर किंवा कपाटांच्या मधल्या बोळात घडाव्यात. प्रत्येकाला यायला साधं कारण द्या: मुदत उलटलेलं पुस्तक, मुलाच्या प्रकल्पासाठी संदर्भ, जुनी वर्तमानपत्रं, वडिलांची पुस्तकं दान द्यायची आहेत. ज्याला काही लपवायचं आहे तो कारण नसताना येतो, किंवा नेहमी येणारा अचानक यायचा थांबतो. ग्रंथपालाला ही लय पाठ असते, म्हणून तिला ते जाणवतं. वर्गांकही वापरता येतात. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत विषशास्त्र ६१५.९ ला, वंशावळी ९२९ ला. ज्याने आयुष्यभर फक्त कादंबऱ्या नेल्या तो ९२९ च्या कपाटापाशी उभा असेल, तर नायिकेच्या कपाळावर आठी येणं स्वाभाविक आहे. आमच्या उदाहरणात ते इतिहासाचं पुस्तक ९०० च्या विभागात असायला हवं, पण शिडी मात्र ६०० च्या कपाटाशी आडवी पडली आहे. पोलिसांना शिडी दिसते, तिला शिडीची जागा दिसते.

पोलिसांना मठ्ठ दाखवू नका. त्यांच्यासमोर असलेल्या पुराव्यावरून वयस्कर माणूस शिडीवरून पडला हा निष्कर्ष योग्यच आहे. त्यांचं चुकतं कुठे, तर कपाटांची भाषा त्यांना येत नाही. ते शहाणे असले की तिचं शहाणपण उठून दिसतं, आणि शेवटी अटक करायला तेच लागतात.

गुन्हेगार लवकर ओळखू येण्याची कारणं बहुधा अशी असतात: तो फक्त चौकशीच्या प्रसंगांतच दिसतो, किंवा कथेत त्याला दुसरं कामच नाही, किंवा तो एकटाच अवास्तव चांगला आहे. तिसऱ्या प्रकरणाच्या आत त्याला आणा आणि त्याच्यावर एक खरंखुरं उपकथानक सोपवा, जे त्याच्याशिवाय पुढे जाणारच नाही. आमच्या विश्वस्ताकडे वाचनालयाच्या गळक्या छपराची दुरुस्ती द्या. तो मनापासून धावपळ करतो, पैसे जमवतो, नायिकेला त्याचा आधार वाटतो. छपराच्या कामासाठी त्याच्याकडे किल्ली आहे, हे वाचकाला त्याच्या चांगुलपणाचा भाग म्हणून कळतं. त्याला वाचनालय खरंच आवडत असू द्या. जमीन हवी आणि पुस्तकंही प्रिय, असा माणूस खलनायकापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. संशयित एकूण पाच पुरे, नावानिशी येणारी पात्रं पंधराच्या आत, आणि त्यांच्या नावांची पहिली अक्षरं वेगवेगळी.

मराठीत लिहिताना एक अडचण हमखास येते. गुन्हेगाराच्या नजरेतून एखादा निनावी प्रसंग लिहायचा मोह होतो, आणि क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'मी आत गेलो' म्हटलं की अर्धे संशयित गळाले. यावर वाट आहे: भूतकाळ आणि सकर्मक क्रियापदं. 'मी दार उघडलं, दिवा विझवला, पुस्तक खाली ठेवलं' यात बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. 'गेलो', 'बसले', 'जातो', 'थांबते' अशी रूपं त्या प्रसंगातून काढून टाका. निवेदन तृतीय पुरुषात असेल तर 'कुणीतरी आलं होतं' हे नपुंसकलिंगी रूप कामी येतं, पण अर्धं पान झालं की ते कृत्रिम वाटू लागतं. असे प्रसंग दोनशे शब्दांच्या आत संपवा. हीच अडचण सुगाव्यासाठीही वापरता येते. मृत भूमापकाला आपण नुसतं तोंडओळखीने ओळखायचो, असं सांगणारा माणूस सगळीकडे 'ते' म्हणतो आणि रागाच्या भरात एकदाच 'तो' म्हणून जातो. एकदाच. पुन्हा वापरलं तर लेखकाने दोरी ओढलेली वाचकाला दिसते.

खुनाच्या साधनात अतिशयोक्ती टाळा. पानांच्या कोपऱ्यांना विष लावणं ही नेहमीची कल्पना. एकोणिसाव्या शतकातल्या काही हिरव्या कापडी बांधण्यांत आर्सेनिक असलेला रंग खरंच होता आणि अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९ पासून अशी पुस्तकं शोधायचं काम हाती घेतलं. पण तसं पुस्तक एक संध्याकाळ हाताळून माणूस मरत नाही. हातमोजे घालायचे, हात धुवायचे, पुस्तक वेगळं ठेवायचं, एवढीच ती गोष्ट आहे. भूल म्हणून ती छान चालेल, साधन म्हणून नाही. पुस्तकांबद्दलचे इतर तपशीलही तपासून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी झाला, त्याआधी तो १० अंकी होता. '१९९८ साली घेतलेल्या' पुस्तकावर १३ अंकी आयएसबीएन छापलेला असणं हा सुंदर सुगावा आहे. मात्र मागच्या पुठ्ठ्यावरच्या बारकोडखाली ९७८ ने सुरू होणारा १३ अंकी आकडा जुन्या पुस्तकांवरही असतो, म्हणून सुगावा आतल्या मुद्रणपृष्ठावरच्या आयएसबीएनवर ठेवा, बारकोडवर नको. भिजलेल्या पुस्तकाचा सुगावा वापरणार असाल तर बुरशी साधारण दोन-तीन दिवसांत दिसू लागते. काल रात्री भिजलेल्या पुस्तकावर आज सकाळी हिरवे डाग दाखवू नका.

मोजमापाचं म्हणाल तर ३० प्रकरणं, प्रत्येकी सुमारे २,२०० शब्द, म्हणजे ६५ हजारांच्या आसपास, ही या प्रकाराला सुखाची लांबी. मृतदेह चौथ्या प्रकरणात. पंधराव्यात सगळ्यात पक्का संशयित निर्दोष ठरावा. चोविसाव्याच्या शेवटी वाचकाकडे सगळे सुगावे असायलाच हवेत, त्यानंतर नवी माहिती आणायची नाही. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: खरं काय घडलं, कोणी काय सांगितलं, वाचकाला ते कोणत्या प्रकरणात कळलं. तिसऱ्या रकान्यात चोवीसच्या पुढचा आकडा आला, की तो प्रसंग मागे सरकवा.

शेवट करताना नायिकेला अंधाऱ्या खोलीत एकटी पाठवून गुन्हेगाराकडून सगळं वदवून घेऊ नका. कबुलीजबाबावर उभा असलेला शेवट म्हणजे पुराव्याची उणीव. तिच्याकडे बदललेली प्रत, मूळ गठ्ठा आणि दाखल नोंदवही आहे. तिन्ही टेबलावर मांडून ती पान ३७ उघडते. ही मांडणी कार्यकारिणीच्या सभेत, सगळ्यांदेखत होऊ शकते. मात्र त्यातून फक्त प्रत बदलल्याचं सिद्ध होतं, खून नाही, हे विसरू नका. खुनापर्यंत पोचायला मधला एक दुवा लागतो: त्या रात्री मागचं दार उघडायला किल्ली लागली असणार आणि ती फक्त दोघांकडे होती, किंवा भूमापकाने शेवटच्या दिवशी भरलेली मागणीची चिठ्ठी विश्वस्ताच्या कागदांत सापडली. हा दुवाही चोविसाव्याच्या आत वाचकाला दिसून गेलेला हवा. दोन प्रकरणं गावासाठी राखून ठेवा, कारण धक्का गावालाही बसला आहे: ज्याने छप्पर दुरुस्त करून दिलं त्याचं नाव आता त्या कामाशी ठेवायचं की नाही, असे प्रश्न तिथे येतात.

दुरुस्त खर्डा पुन्हा वाचायला देताना पूर्ण देऊ नका. चार-पाच नव्या वाचकांना चोविसाव्या प्रकरणापर्यंतच द्या आणि आठव्या, सोळाव्या व चोविसाव्यानंतर प्रत्येकाकडून संशयिताचं नाव आणि कारण लिहून घ्या. सोळाव्यानंतर निम्म्याहून जास्त जणांनी नाव आणि कारण दोन्ही बरोबर सांगितलं, तर दुसऱ्या आणि नवव्या प्रकरणातला सुगावा फार उघडा पडला आहे. त्याच्याभोवतीची गडबड वाढवा, सुगावा काढू नका. नाव बरोबर पण कारण 'तो जरा जास्तच गोड बोलतो' असं आलं, तर दोष पात्रात आहे, आणखी कुणाला तरी तेवढंच गोड करा. आणि चोविसाव्यानंतरही कुणालाच गुप्त पान आठवत नसेल, तर मधे बाराव्या-तेराव्याच्या आसपास मदतनिसाकडून एका पुस्तकाचं पान ३७ विसरायला लावा आणि ग्रंथपालाकडून त्याला हळूच आठवण करून द्या.